प्री-मेड सोडावं का? सी प्लसच्या आधी वाढदिवसाची तारीख बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही न्यू जर्सीत, नवऱ्याचा एच-१बी म्हणजे नोकरीचा व्हिसा, प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतली तारीख, २०१७ ची. मुलगी विद्यापीठात पहिल्या वर्षाला, एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर, येत्या जूनमध्ये तिला एकोणीस पूर्ण होतील. पहिल्या सेमिस्टरला जनरल केमिस्ट्रीत सी प्लस, बायोलॉजीत बी, एकूण जीपीए, म्हणजे चारपैकी सरासरी श्रेणी, ३.२. तिला डॉक्टर व्हायचंय, मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, मात्र संख्याशास्त्राचं घ्यायचंय. घरच्यांचं म्हणणं, मेजर बायोलॉजीच घे, नाहीतर प्री-मेड, म्हणजे मेडिकलची पूर्वतयारी, आत्ताच सोडून दे. पुढे जावं का थांबावं, हे तुम्ही विचारलंय.

त्या सी प्लसने तुमची झोप उडवली आहे, पण तुम्ही लिहिलेल्या गोष्टींत ती सगळ्यात किरकोळ आहे. सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही ओघात सांगून पुढे गेलात. ती म्हणजे एच-४. तिथूनच सुरुवात करते, कारण मार्क सुधारता येतात, वाढदिवस पुढे ढकलता येत नाही.

मुलगी जून २०२८ मध्ये एकवीस पूर्ण करेल आणि त्या दिवशी एच-४ संपेल. मेडिकल स्कूलचा अर्ज सरळ मार्गाने, म्हणजे तिसरं वर्ष संपल्यावर भरायचा म्हटलं, तर तोही नेमका त्याच महिन्यात भरला जातो. म्हणजे अर्जावर स्टेटसच्या रकान्यात बहुधा एफ-१, म्हणजे परदेशी विद्यार्थ्याचा व्हिसा, लिहावं लागेल. आय-१४०, म्हणजे नोकरीवरच्या ग्रीन कार्डाची याचिका, जितके दिवस प्रलंबित होतं तितके दिवस तिच्या वयातून वजा होतात हे खरं, पण त्याचा उपयोग तुमची तारीख करंट झाली, म्हणजे रांगेत तुमचा नंबर आला, तरच. २०१७ ची भारतीय तारीख दोन वर्षांत करंट होईल असं धरून बेत आखू नका. एफ-१ साठीचा अर्ज वाढदिवसाच्या आधी जायला हवा. शेवटच्या महिन्यात धावाधाव करण्यापेक्षा वर्षभर आधी वकिलाशी बोला. रहिवासी दराची फी एफ-१ झाल्यावरही तशीच राहील का, हेही विद्यापीठाला लेखी विचारून ठेवा.

एफ-१ झाल्याने काय बदलतं? अमेरिकेतली बहुतेक सरकारी मेडिकल स्कूल्स फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांचे अर्ज घेतात. खाजगीपैकी मोजकीच परदेशी विद्यार्थ्यांना घेतात, आणि त्यातली काही एका वर्षाची, काही चक्क चारही वर्षांची फी आगाऊ एस्क्रो म्हणजे राखीव खात्यात ठेवायला सांगतात. केंद्र सरकारचं विद्यार्थी कर्ज मिळत नाही. खाजगी कर्जाला नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जामीनदार लागतो. शाळेपासून इथेच वाढलेल्या मुलीला 'इंटरनॅशनल' म्हणायचं हे विचित्र आहे, पण नियम असाच आहे. आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज, प्रलंबित असणं म्हणजे कार्ड हातात असणं नव्हे, हेही लक्षात असू द्या. बरीच कॉलेजं प्रत्यक्ष कार्ड मागतात. अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या संघटनेची एमसार नावाची सशुल्क यादी आहे, त्यात प्रत्येक कॉलेजपुढे ही माहिती असते. वर्षाची वर्गणी फार नाही. आजच घ्या आणि एफ-१ घेणारी कॉलेजं वेगळी काढा. ती यादी किती आखूड आहे ते बघितल्यावरच पुढचं सगळं बोलणं खरं वाटायला लागेल.

याचा अर्थ प्री-मेड सोडा असा नाही. पदवी संपल्यावर एकदोन वर्षं थांबून अर्ज करणारे इथे निम्म्याहून जास्त आहेत. घाई करून जून २०२८ गाठायची सक्ती मनातून काढून टाका. मार्कांच्या दृष्टीनेही तेच फायद्याचं आहे, ते खाली आकड्यांत दाखवते.

आता सी प्लस. जनरल केमिस्ट्री पुन्हा घ्यावी का? नको. बहुतेक मेडिकल स्कूल्सना पूर्वअट म्हणून सी किंवा वरची श्रेणी चालते. सी मायनस असती तर पुन्हा घ्या म्हटलं असतं. शिवाय मेडिकल अर्जाची जी मध्यवर्ती पद्धत आहे, अ‍ॅमकॅस, तिच्यात पुन्हा घेतलेल्या विषयाच्या दोन्ही श्रेणी मोजल्या जातात. विद्यापीठाच्या ट्रान्स्क्रिप्टवर जुनी श्रेणी पुसली गेली तरी अ‍ॅमकॅसमध्ये ती राहतेच. ऑस्टिओपॅथिक, म्हणजे एमडीऐवजी डीओ ही डॉक्टरकीची पदवी देणाऱ्या, कॉलेजांची पद्धत पूर्वी नवीच श्रेणी धरायची, तीही २०१७ पासून दोन्ही धरते. हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजचे जे क्लास केले असतील त्यांच्या श्रेणीसुद्धा यात येतात. बरेच पालक हे विसरतात आणि मग हिशोब जुळत नाही. अ‍ॅमकॅस दोन जीपीए काढतं: एक एकूण, दुसरा फक्त बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणिताचा. हा दुसरा आकडा निवड समित्या बारकाईने बघतात. संख्याशास्त्र गणितात धरलं जातं, म्हणजे मुलीच्या आवडीच्या मेजरमधले चांगले मार्क नेमके तिथेच कामी येतील.

हिशोब करू. दर वर्षी ३० क्रेडिट धरा. दुसऱ्या सेमिस्टरलाही काही सुधारलं नाही आणि पहिलं वर्ष ३.२ वरच संपलं असं वाईटात वाईट गृहीत धरू. पुढची दोन वर्षं ३.९ ने काढली, तर तिसऱ्या वर्षाअखेर जीपीए ३.६७ होतो. चौथं वर्षही ३.९ ने काढून मग अर्ज केला, तर ३.७३. दोन वर्षं ३.२ वर गेली आणि मग डोळे उघडले, तर शेवटची दोन वर्षं ३.९ ने काढूनही ३.५५ च्या वर जाता येत नाही. म्हणजे पहिल्या वर्षाची चूक भरून निघते, दुसऱ्या वर्षाची महागात पडते. तुमचं खरं घोडामैदान दुसरं वर्ष आहे.

तुलनेसाठी सांगते: एमडी, म्हणजे इथली डॉक्टरकीची मूळ पदवी, देणाऱ्या कॉलेजांत दर वर्षी सुमारे ५२ हजार अर्जदारांतून सुमारे २३ हजार जणांना जागा मिळते. त्यांचा सरासरी जीपीए ३.८ च्या जवळ असतो आणि एमकॅट या प्रवेशपरीक्षेचा स्कोअर ५११-५१२. ऑस्टिओपॅथिक म्हणजे डीओ कॉलेजांत हेच आकडे साधारण ३.६ आणि ५०४ असतात. डीओ म्हटल्यावर आपल्याकडे नाकं मुरडली जातात, पण २०२० पासून दोघांची रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं रुग्णालयातलं प्रशिक्षण, एकाच व्यवस्थेखाली आहे आणि तिथली मॅच होण्याची, म्हणजे जागा मिळण्याची, टक्केवारीही जवळपास सारखी आहे. उलट ३.८ च्या वर जीपीए आणि ५१७ च्या वर एमकॅट असलेल्यांतही साधारण पाचातला एक जण त्या वर्षी कुठेच लागत नाही. नुसत्या मार्कांवर हा खेळ चालत नाही, ते पुढे येतंच.

सी प्लस का आली, हे मात्र शोधलंच पाहिजे, आणि ते तुम्ही नाही, तिने. तिला तिच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका घेऊन बसायला सांगा. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे तीनपैकी एक खूण करायची: संकल्पनाच कळली नव्हती, कळली होती पण आकडेमोड फसली, की वेळ पुरला नाही. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. एपी केमिस्ट्री, म्हणजे हायस्कूलमध्येच कॉलेजच्या पातळीचा विषय, करून आलेल्या मुलांचा घोळ वेगळाच असतो. पहिले पाच आठवडे 'हे तर येतंच' म्हणून जातात, मग समतोल आणि उष्मारसायनात गाडी घसरते. पुस्तक चार वेळा वाचणं आणि रंगीत पेनाने अधोरेखित करणं हा अभ्यास नव्हे. घड्याळ लावून, उत्तर न बघता गणितं सोडवणं हा अभ्यास. दुसऱ्या सेमिस्टरमध्ये आम्ल-अल्कली, बफर आणि अभिक्रियांचा वेग येतो. तिथे लॉगॅरिदम आणि बीजगणित कच्चं असेल तर रसायनशास्त्र कळूनही मार्क जातात. संख्याशास्त्राकडे ओढा असलेल्या मुलीचं तिथे अडणार नाही असा माझा अंदाज आहे.

ऑरगॅनिक केमिस्ट्रीची भीती प्रत्येकाला घातली जाते. पण तो विषय जनरल केमिस्ट्रीचा मोठा भाऊ नाही, स्वभावाने निराळा आहे. आकडेमोड जवळजवळ नाही, इलेक्ट्रॉन कुठून निघून कुठे जातात याचे बाण काढायचे असतात. जनरलमध्ये सी प्लस असलेली मुलं तिथे ए काढतात, आणि पाठांतराच्या बळावर ए काढलेली मुलं तिथे आपटतात. कोऱ्या कागदावर अभिक्रियेचे बाण रोज अर्धा तास काढले तर विषय हाताशी येतो. परीक्षेआधी चार रात्री जागून येत नाही.

वेळापत्रकात एकच नियम कडक पाळा: एका सेमिस्टरला लॅब असलेले विषय दोनच. लॅबचं क्रेडिट दिसायला एक असतं, खातं मात्र आठवड्याचे तीन-चार तास आणि वर रिपोर्ट. ऑरगॅनिक, फिजिक्स आणि बायोलॉजी एकाच वेळी घेऊन 'लवकर मोकळं होऊ' म्हणणाऱ्यांची ट्रान्स्क्रिप्ट मी बघते तेव्हा बी मायनसची रांग दिसते. पहिल्या वर्षी जनरल केमिस्ट्री, दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिक आणि उरलेली बायोलॉजी, तिसऱ्या वर्षी फिजिक्स आणि एक सेमिस्टर बायोकेमिस्ट्री. मधे लेखनाचे दोन विषय, आणि मानसशास्त्र व समाजशास्त्राचा एकेक, कारण २०१५ पासून एमकॅटचा चौथा भाग त्याच विषयांवर आहे. एपीचं क्रेडिट वापरून बायोलॉजीचा पहिला विषय टाळला असेल, तर त्याच विषयातला वरच्या पातळीचा क्लास घ्या. काही कॉलेजं नुसतं एपी धरत नाहीत.

मेजरवरून घरात वाद घालू नका. प्री-मेड हे मेजरच नाही. ती पूर्वअटींची यादी आहे, ती कुठल्याही मेजरसोबत पूर्ण करता येते, आणि मेजर बदलल्याने प्रवेशाची शक्यता फारशी हलत नाही. बायोलॉजी घेतल्याने एक सोय होते, पूर्वअटी आपोआप मेजरमध्ये मोजल्या जातात. संख्याशास्त्र घेतल्यास दर सेमिस्टरला थोडी कसरत करावी लागेल. पण डॉक्टरकीचा बेत बदलला, तर नुसत्या बायोलॉजीच्या पदवीवर मिळणाऱ्या नोकऱ्या आणि संख्याशास्त्राच्या पदवीवर मिळणाऱ्या नोकऱ्या यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्यात संख्याशास्त्र स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या सरकारी, यादीत येतं, म्हणजे एफ-१ वर पदवीनंतर काम करायला एकूण तीन वर्षं मिळतात. तुमच्या स्टेटसला हा मुद्दा सोन्यासारखा आहे. इथे मी सरळ मुलीच्या बाजूने आहे.

आता मार्कांपलीकडचं. तिला डॉक्टर व्हायचंय, हे तिला कशावरून माहीत? तुमच्या ओळखीतल्या कार्डिओलॉजिस्ट काकांच्या क्लिनिकमध्ये चाळीस तास उभं राहणं याला शॅडोइंग म्हणतात. ते करावं, पण त्याला रुग्णसेवेचा अनुभव म्हणत नाहीत. रुग्णाला प्रत्यक्ष काहीतरी करून देणं हा वेगळा रकाना आहे आणि समित्या तो वेगळा बघतात. इथे पुन्हा एच-४ आडवा येतो: पगारी काम करता येत नाही. त्यामुळे बाकीची मुलं करतात ती स्क्राइबची म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी लिहिणाऱ्याची, नर्सिंग असिस्टंटची किंवा रक्त काढायची नोकरी तिला बंद. एफ-१ वरही कॅम्पसबाहेर तशी नोकरी धरता येत नाही. उरते सेवाभावी वाट, आणि त्या बाबतीत न्यू जर्सी भाग्यवान आहे. गावोगावी स्वयंसेवकांची फर्स्ट एड पथकं आहेत. त्यांच्यातर्फे गेलं तर साधारण दोनशे तासांच्या ईएमटी म्हणजे आपत्कालीन प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणाचा खर्च राज्याच्या निधीतून होऊ शकतो. स्टेटस सांगूनच नाव नोंदवा आणि भत्ता देणारं पथक असेल तर आधी वकिलाला विचारा. ते जमलं नाही तर हॉस्पिसमध्ये, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांच्या सेवेत, आठवड्याला तीन तास. टीबीची तपासणी आणि लसींचे कागद जमवण्यातच महिना जातो, म्हणून उन्हाळ्यासाठी आत्ताच अर्ज करा.

तासांची बेरीज सोडा, तिला एक वही करायला सांगा. रोज चार ओळी: आज काय केलं, कशाचा कंटाळा आला, कुठे थांबावंसं वाटलं, डॉक्टर रुग्णाजवळ किती वेळ होता आणि संगणकासमोर किती. रक्त बघून चक्कर येते का हा प्रश्न नाही, त्याची सवय होते. खरा प्रश्न असा की तोच सत्तर वर्षांचा मधुमेही रुग्ण तिसऱ्यांदा औषध न घेता आला, तरी त्याच्याशी पुन्हा बोलायची इच्छा राहते का. शंभर-दीडशे तासांनंतर त्या वहीत उत्तर दिसायला लागतं. पुढे अर्जातला ५,३०० अक्षरांचा निबंधही त्याच वहीतून निघतो.

पैशांचं थोडक्यात. चार वर्षांचा खर्च राहणं-खाणं धरून तीन ते चार लाख डॉलर. ग्रीन कार्ड वेळेत आलं तरी १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांना केंद्र सरकारचं कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरपर्यंतच मिळणार आहे. पूर्वी लागेल तितकी रक्कम देणारी ग्रॅड प्लस योजना नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाली. वरचं अंतर कोण भरणार हे कागदावर मांडा. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या ग्रॉसमन स्कूलने २०१८ मध्ये आणि अल्बर्ट आइन्स्टाइनने २०२४ मध्ये शिकवणी फी माफ केली, पण तिथल्या जागांवर बेत बांधता येत नाही. नुसता अर्जाचा खर्चही हलका नसतो. अ‍ॅमकॅसला पहिल्या कॉलेजसाठी सुमारे १७५ डॉलर, पुढच्या प्रत्येकासाठी ४५-५० डॉलर, आणि मग जवळजवळ प्रत्येक कॉलेजचा दुय्यम अर्ज, त्याचे साधारण शंभर. अठरा कॉलेजं धरली तर तीन हजारांच्या आसपास. एमकॅटची फी वेगळी.

एमकॅटबद्दल एवढंच की ती दुसऱ्या वर्षाआधी डोक्यात आणू नका. साडेसात तासांची बैठक, चार भाग, ४७२ ते ५२८ गुण, तयारीला तीनशेच्या वर तास. आयुष्यात सातच वेळा देता येते आणि प्रत्येक स्कोअर कॉलेजांना दिसतो, म्हणून 'एकदा देऊन बघू' हा प्रकार इथे नाही.

दोन आडवाटा तुम्हाला कोणीतरी सुचवतीलच. कॅरिबियन बेटांवरची कॉलेजं प्रवेश सहज देतात, अडचण बाहेर पडताना येते. २०२४ च्या मॅचमध्ये अमेरिकन एमडी विद्यार्थ्यांपैकी ९३.५ टक्क्यांना रेसिडेन्सी मिळाली. बाहेर शिकलेल्या अमेरिकन नागरिकांत हे प्रमाण ६७ टक्के होतं, आणि बाहेर शिकलेल्या परदेशी नागरिकांत ५८.५. तुमची मुलगी आज तिसऱ्या गटात मोडते, आणि त्या टक्केवारीत वाटेत गळालेले धरलेलेच नाहीत. दुसरी वाट महाराष्ट्रात एमबीबीएस. ती भारतीय नागरिक असल्याने दार बंद नाही, पण 'नीट' ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, महाराष्ट्राच्या ८५ टक्के जागांसाठी दहावी-बारावी महाराष्ट्रात झालेली लागते, आणि एनआरआय कोट्याची फी खाजगी कॉलेजात जबर असते. साडेपाच वर्षांनी अमेरिकेत परतायचं तर रांग तीच, ५८.५ वाली. भारतातच डॉक्टरकी करायची तयारी असेल तर ही वाट उत्तम आहे. अमेरिकेत परतायचा जवळचा रस्ता म्हणून धरलीत तर फसाल.

तर निर्णय कधी? आत्ता नाही. मे २०२७, दुसरं वर्ष संपल्यावर, ऑरगॅनिकचे दोन्ही भाग झाल्यावर. तोवर तीन गोष्टी समोर असतील: शेवटच्या दोन सेमिस्टरचा विज्ञानाचा जीपीए, ती वही, आणि सरकारच्या मासिक व्हिसा बुलेटिनमधली तुमची तारीख. विज्ञान ३.६ च्या वर आणि वही बोलकी असेल, तर पुढे जा आणि अर्ज पदवीनंतर करा. मनापासून कष्ट करूनही विज्ञान सलग दोन सेमिस्टर ३.३ खाली राहिलं, तर पूर्वअटी थांबवा आणि संख्याशास्त्र पूर्ण करा. पुढे ग्रीन कार्ड आल्यावर ओढ टिकली असेल, तर पदवीनंतर एक-दोन वर्षांचे पोस्ट-बॅक अभ्यासक्रम असतात, त्यातून परत येता येतं. मार्क चांगले पण वही कोरी किंवा कंटाळलेली असेल, तर बायोस्टॅटिस्टिक्स आणि जेनेटिक काउन्सेलिंगकडे बघा. जेनेटिक काउन्सेलिंगची मास्टर्स साधारण दोन वर्षांची आहे आणि रुग्णांशी बोलणं हेच त्यातलं काम.

या आठवड्यात करायचं ते असं: तिने जनरल केमिस्ट्रीच्या दुसऱ्या भागाच्या प्राध्यापकांच्या ऑफिस अवरला जुनी उत्तरपत्रिका घेऊन जायचं, आणि विषय सोडायची म्हणजे डब्ल्यू घ्यायची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहायची. डब्ल्यू जीपीएत मोजली जात नाही. एखादी चालून जाते, चार असल्या की प्रश्न विचारले जातात. दुसऱ्या परीक्षेनंतर सरासरी सी मायनसकडे झुकताना दिसली, तरच ती तारीख वापरा.

वकिलाला विचारायचे प्रश्न तुम्ही काढा, आणि त्या भेटीला मुलीलाही सोबत न्या.